आठवीनंतर कुठे गेला हा मुलगा?

परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरी करत होते तेव्हा माझ्यासमोर आणून बसवलेल्या प्रत्येक मुलाला पहिला प्रश्न मी एकच विचारत असे. शाळा कधी सुटली? गुन्ह्याचं नंतर. गुन्ह्याचे कागद पोलिसांकडून आलेले असायचेच, त्यात वेळ, ठिकाण, हत्यार सगळं लिहिलेलं असायचं. शाळेचं कुणी काही लिहिलेलं नसायचं. मुलगा मान खाली घालून सांगायचा, "आठवीनंतर, मॅडम." क्वचित एखादा म्हणायचा, "नववीत गेलतो दोन महिने. मग नाय गेलो."

निवृत्त झाले तरी पुण्याच्या पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये माझं जाणं-येणं आहे. वर्तमानपत्रात "अल्पवयीन मुलांच्या टोळक्याने कोयते नाचवत दहशत माजवली" अशी बातमी आली की ओळखीची माणसं फोन करून विचारतात, ही मुलं एवढी क्रूर कशी झाली? मला वाटतं, त्याआधी दुसरं काहीतरी विचारायला हवं. हा मुलगा आठवी पास होऊन शाळेच्या फाटकाबाहेर पडला, त्यानंतर तो दिवसभर कुठे होता, आणि हे कुणाला ठाऊक होतं?

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू आहे, म्हणजे आठवीपर्यंत. शहरातल्या पालिकेच्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीलाच संपतात. पुढची शाळा खासगी अनुदानित, दोन बस बदलून जायची. तिथे प्रवेशाचे पैसे, नवा गणवेश, वर शिकवणी लावा असा आग्रह. घरात मोठ्या बहिणीचं लग्न ठरलेलं असतं किंवा बाप आजारी असतो. मुलाला "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू" असं सांगितलं जातं आणि पुढचं वर्ष येत नाही. बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये सुधारला, त्यानुसार चौदा पूर्ण झाली की धोकादायक उद्योग सोडून कुठेही कामाला ठेवता येतं. मग गाड्यांचं गॅरेज, वॉशिंग सेंटर, मंडपवाला, केटरर, बिर्याणीची गाडी. अठरा होईपर्यंत कंपनी घेत नाही, गाडीचं लायसन्स मिळत नाही. ही चार वर्षं तो शाळेच्या हजेरीपटावर नसतो, कामगारांच्या रजिस्टरात नसतो, दवाखान्याच्या कुठल्या योजनेत नसतो. भाईच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असतो.

एका मुलाविषयी सांगते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून वस्तीचं नाव सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत.

आई सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायची. बाप बिगारी, आठवड्यातले निम्मे दिवस काम, उरलेले दिवस गुत्त्यावर. घरात आजी. मुलगा आठवीनंतर दुचाकीच्या गॅरेजात लागला. मालक रोज जेवायला घालायचा, पैसे मात्र शनिवारी आठवण केली तरच द्यायचा. गॅरेजच्या बाजूला कट्टा होता. तिथे बसणारा भाई तिशीतला, तडीपारी भोगून आलेला, वाढदिवसाला तलवारीने केक कापणारा, चौकात स्वतःचे फ्लेक्स लावणारा. या मुलाला त्याने पहिल्यांदा दिलं ते पेट्रोल, मग मोबाइलचा रिचार्ज, मग स्वतःच्या गाडीची किल्ली. "बारक्या, जरा चक्कर मारून आण." घरी त्याला नावाने हाक मारायलाही कुणाला सवड नव्हती. इथे चौकात पंधरा-वीस माणसांसमोर त्याला कुणीतरी गाडीची किल्ली देत होतं. या वयाच्या मुलाला ते किती मोठं वाटतं हे ज्यांच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना सांगावं लागू नये.

पहिल्यांदा तो सापडला मोबाइलच्या चोरीत. सोबत त्याच्याच वयाचा दुसरा मुलगा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालचे २०१६ चे नियम आहेत. त्यानुसार मुलाच्या हातून अतिगंभीर गुन्हा घडला नसेल, आणि सोबत कुणी प्रौढ नसेल, तर एफआयआर नोंदवायचा नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. मूल चोरीच्या शिक्क्याखाली दबून जाऊ नये म्हणून ही तरतूद केली आहे, आणि ती मनापासून पटते. पण नोंद झाल्यावर पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. आईला बोलावून घेतात. ती कामाचा खाडा करून येते, अंगठा नाहीतर सही करते, पोराला दारातच दोन थोबाडीत देते आणि घेऊन जाते. मंडळापुढे तारीख पडते, दुसरी पडते. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून मिळतात. तेवढ्यात संपली नाही तर प्रकरण तिथेच बंद होतं. या सहा महिन्यांत त्या मुलाच्या घराचा उंबरठा कुणी ओलांडलेला नसतो.

मला म्हणायचं आहे ते नेमकं या जागेविषयी. पहिल्या नोंदीनंतर एका माणसाने त्या मुलाच्या घरी जायला हवं, आणि त्याच माणसाने पुढे वर्षभर जात राहायला हवं. दम द्यायला नव्हे. तो सकाळी उठून कुठे जातो हे कळून घ्यायला. आमच्या खात्यात परिविक्षा अधिकारी मुलाला भेटतो तो मोठा गुन्हा घडून गेल्यावर, मंडळाने आदेश दिल्यावर, सामाजिक तपासणी अहवाल लिहायला. मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे हजर केल्यापासून पंधरा दिवसांत तो द्यायचा असतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याचं पद मिळतं एक. पुण्यासारखा जिल्हा डोळ्यांसमोर आणा. इकडे भोर-वेल्हे, तिकडे जुन्नर, मधे एवढं शहर. ही पदं बहुतेक करार पद्धतीची. करार दर वर्षी वाढतो की नाही या चिंतेत असलेल्या माणसाला आपण सांगतो, मुलाचा विश्वास मिळव.

या मुलाच्या घरी मी गेले ते दुसऱ्या प्रकरणानंतर. तेव्हा तो निरीक्षणगृहात होता. भाईच्या दोन माणसांसोबत गेला होता, हातात कोयता, समोरच्या टोळीतल्या एकाच्या खांद्यावर वार. वार नेमका कुणी केला हे ठरायचं होतं, पण कोयता याच्याकडे सापडला. मोठ्यांनी तो त्याच्याकडेच का दिला हे त्याने मला नंतर सांगितलं. "भाई बोलला, तू बारका हायेस, तुला काय नाय होत. रिमांडला जाशील, महिन्यात भायेर."

वस्तीत जायची वेळ मी नळाला पाणी येण्याची धरायचे. पहाटे साडेपाच-सहा. तेव्हा घरातली सगळी जागी असतात, बाप शुद्धीत असतो, आणि बायका दारातच असल्यामुळे आपल्याला आत बोलावलं नाही तरी बोलणं होतं. सरकारी गाडी नेली की शेजारच्या दहा घरांना कळतं, म्हणून गाडी लांब उभी करून चालत जायचं. आईला मुलाच्या गुन्ह्याविषयी विचारलं की ती रडते किंवा भांडते. तिला विचारावं, तो लहानपणी कसा होता. मग ती बोलायला लागते. या मुलाच्या आजीने सांगितलं, "त्याला लांबचं दिसतच नव्हतं हो. टीव्हीच्या पार जवळ जाऊन बसायचा, मी ओरडायची." शाळेत उंच म्हणून शेवटच्या बाकावर बसवलेला. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून उतरवून घेत नाही, उतरवून घेत नाही म्हणून मार, मार नको म्हणून शाळेला दांडी. चष्मा त्याला लागला तो निरीक्षणगृहातल्या तपासणीत, सोळाव्या वर्षी.

चष्मा नव्हता म्हणून कोयता हाती आला, असं मी म्हणणार नाही. माणूस इतका सोपा नसतो, आणि चष्मा नसलेली हजारो मुलं सरळ मार्गाने जगतात. पण मोबाइल चोरीच्या नोंदीनंतर कुणी त्या दारात गेलं असतं, तर आजीने हेच वाक्य तेव्हा सांगितलं असतं. दीड वर्ष आधी.

सामाजिक तपासणी अहवालाचा जो नमुना आहे त्यात एक रकाना असा आहे: मुलाचा वापर कुणा टोळीने, प्रौढाने किंवा प्रौढांच्या गटाने केला आहे का, अमली पदार्थ विकण्यासाठी केला आहे का? पोलिसांनी सुरुवातीला भरायच्या पार्श्वभूमी अहवालातही हाच प्रश्न आहे. माझ्यासमोर आलेल्या कितीतरी अहवालांत तिथे "नाही" लिहिलेलं असे किंवा नुसती आडवी रेघ. मुलगा पोलीस ठाण्यात भाईचं नाव सांगणार नाही हे उघड आहे. परत त्याच गल्लीत राहायचं असतं त्याला. ते नाव कळायला महिने जातात, गप्पा माराव्या लागतात, कधी आईकडून, कधी गॅरेजवाल्याकडून कळतं. आणि कळलं तर कायद्याला दात आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ नुसार मुलांचा बेकायदा कामांसाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलाकरवी दारू किंवा अमली पदार्थ विकले-पोचवले तर कलम ७८. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ९५ आलं आहे, गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं. मी हाताळलेल्या प्रकरणांत मुलासोबत पकडलेल्या प्रौढांवर मारामारीची, खुनाच्या प्रयत्नाची कलमं लागलेली असायची. मुलाला हाताशी धरलं याबद्दलचं कलम क्वचितच दिसलं. मुलाच्या हातात कोयता देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तो तसा नोंदवला गेला पाहिजे. भाईला महिन्यात बाहेर येण्याचा हिशेब माहीत आहे. त्याला हाही हिशेब माहीत व्हायला हवा.

वयाची मर्यादा खाली आणा, सोळा करा, चौदा करा, अशी मागणी दर मोठ्या घटनेनंतर होते. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशभर संताप होता, त्यातून २०१५ चा कायदा आला आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याचा खटला बाल न्यायालयाकडे, प्रौढासारखा चालवायला पाठवण्याची तरतूद झाली. म्हणजे हे दार कायद्यात आधीच उघडलेलं आहे. आता चौदा केलं तर भाई तेरा वर्षांचा शोधेल. वस्तीत तेरा वर्षांची मुलं कमी नाहीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची २०२२ ची आकडेवारी बघा. देशात नोंदवलेले एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांवर, त्यात अल्पवयीनांविरुद्ध नोंदवलेली प्रकरणं ३०,५५५. शंभरात एकही पडत नाही. राज्यांमध्ये मात्र सर्वांत जास्त प्रकरणं महाराष्ट्रात, ४,४०६. एवढ्या मुलांपर्यंत पोचणं या राज्याला झेपणार नाही, असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही.

बाल न्याय मंडळ हे नाव घरोघरी पोचलं ते १९ मे २०२४ नंतर. कल्याणीनगरमध्ये एका आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअरांचा जीव गेला, गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, आणि जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. लोक चिडले, आणि चिडणं रास्त होतं, दोन घरांतली मुलं गेली होती. पण त्या संतापात सगळ्यांची एक समजूत झाली की बाल न्याय म्हणजे निबंध लिहा आणि सुटा. मी ज्या मुलांसोबत काम केलं त्यांच्यासाठी पहाटे वकील उभा राहत नव्हता. मंडळाच्या बाकावर त्यांची आई रेशन कार्ड आणि शाळेचा दाखला पिशवीत घालून सकाळपासून बसलेली असायची. दाखला नसला तर वय सिद्ध करण्यासाठी महापालिकेचा जन्मदाखला, तोही नसला तर हाडांची तपासणी. तोवर मुलगा आत. बाल न्याय ही सवलत वाटते ती एका मोटारीमुळे. तिचा उपयोग ज्यांना व्हायला हवा ती मुलं त्या संतापाची किंमत अजून मोजत आहेत.

ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडे पाठ फिरवून हे काम होत नाही. रात्री दोन वाजता गल्लीत गाड्यांच्या काचा फोडल्या जातात तेव्हा त्या गाड्या श्रीमंतांच्या नसतात. हप्त्यावर घेतलेल्या रिक्षा असतात, भाजीचे टेम्पो असतात. असाच एक रिक्षावाला मला म्हणाला होता, "मॅडम, मला त्याची माफी नको. काच पाहिजे, आणि दोन दिवसांचा धंदा बुडाला तो पाहिजे." मला ते अतिशय योग्य वाटलं. कायद्याच्या कलम १८ नुसार मंडळाला समज देण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर देखरेख असे कितीतरी आदेश देता येतात. त्या प्रकरणातल्या मुलाने काचेच्या दुकानात काम करून पैसे फेडले. रिक्षावाल्याच्या हातात पैसे द्यायला तो स्वतः गेला, मी बाजूला उभी होते. तिथे कुणी भाषण केलं नाही. रिक्षावाल्याने नोटा मोजल्या आणि विचारलं, "आता कामाला कुठं असतो?" कामाची ती चौकशी ऐकून मुलगा पहिल्यांदा ताठ उभा राहिला.

आणखी एक गोष्ट राग येईल इतक्या वेळा पाहिली आहे. प्रकरण संपलं, मुलगा अठरा-एकोणीसचा झाला, सुरक्षारक्षकाची किंवा डिलिव्हरीची नोकरी मिळत आली, आणि चारित्र्य पडताळणीत जुनी नोंद निघाली. कलम ७४ च्या दुसऱ्या पोटकलमात स्वच्छ लिहिलं आहे की प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी किंवा अन्य कारणासाठी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही. कलम २४ सांगतं की मुलाला या नोंदीमुळे कुठलीही अपात्रता येत नाही. तरी एका मुलाची नोकरी अशीच गेली. मी त्या ठाण्यात कायद्याची प्रत घेऊन गेले, तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे वाचली, दुरुस्त दाखला दिला. तोवर जागा भरली होती. भाईकडे मात्र जागा कायम रिकामी असते, आणि तो दाखला मागत नाही.

चष्मा लागलेला मुलगा घरी परतला, मंडळाने त्याला आईच्या ताब्यात आणि माझ्या देखरेखीखाली दिलं. आठवी पास असल्यामुळे वेल्डरच्या आयटीआयला जाता आलं असतं, पण शाळेने दाखला द्यायला इतका वेळ लावला की प्रवेशाची मुदत गेली. मग फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला लावलं आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवलं. गणितात राहिला. संध्याकाळी तो शेडमधून थेट माझ्याकडे यायचा, हाताला लोखंडाचा वास, आणि आम्ही त्रैराशिक करायचो. पुरवणी परीक्षेत निघाला. भाई जामिनावर बाहेर आहे, कट्ट्यावरच बसतो, आणि हा मुलगा रोज त्याच रस्त्याने जातो. तो कायमचा सुटला असं मी कुणाला सांगत नाही. मी त्याला अजून फोन करते.

सरकारकडे यासाठी नवा कायदा मागायची गरज नाही. आठवी पास झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद शिक्षण खात्याच्या सरल पोर्टलवर असते, विद्यार्थी क्रमांकासह. नववीत कुणी प्रवेश घेतला हेही तिथेच कळतं. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की गळालेली मुलं दिसतात. विदर्भ सोडला तर शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे महिना संपायच्या आत प्रत्येक वॉर्डाची ही यादी निघू शकते. ती वर्षअखेरीच्या अहवालात छापण्यासाठी नको. ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या मुख्याध्यापकाच्या, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या आणि बाल संरक्षण कक्षाच्या टेबलावर हवी. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, कायद्याने तो असलाच पाहिजे. यादीतल्या मुलांपैकी ज्याचं नाव ठाण्याच्या दैनंदिनीत एकदा तरी आलं आहे, त्याच्या घरी आधी जायचं. साध्या कपड्यांत, पाणी यायच्या वेळेला. वेल्डर, वायरमन यांसारख्या काही ट्रेडना आठवी पास चालते, त्यांचे प्रवेश उन्हाळ्याच्या शेवटीच सुरू होतात, म्हणून दाखले शाळेकडून लगेच काढून घ्यायचे. ज्यांना शिकायचं आहे पण काम सोडता येत नाही त्यांचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा. आणि पालिकेने यंदाच्या अंदाजपत्रकात निदान मोठ्या वस्त्यांजवळच्या शाळांना नववी-दहावीचे वर्ग जोडायचे.